वाडीत आशाताई येतात, खोलीवर का नाही?

हे आपल्या एपिसोडचं लिखित रूप. सेकंड शिफ्टवाल्यांनो, बसमध्ये वाचून होईल एवढंच आहे.

सुरुवात एका व्हॉईस मेसेजपासून. पाठवणारा मित्र पश्चिम खेडमधला, महादेव कोळी समाजातला. चाकणला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. बायको आणि महिन्याचं बाळ नुकतंच गावाहून आलंय. तो म्हणतो, "दादा, वाडीत आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करायच्या. इथे खोलीवर कोणीच येत नाही. असं का?"

साधा प्रश्न वाटतो ना? पण उत्तरासाठी आधी गडचिरोलीला जावं लागेल.

१९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. आदिवासी माणूस दवाखान्यात का येत नाही, हा त्यांना पडलेला प्रश्न. आपण काय म्हणतो? "अडाणी आहेत, भगताकडे जातात." त्यांनी लोकांनाच विचारलं. उत्तरं ऐकण्यासारखी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आणि आम्ही तर मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. पेशंट आत आणि नातेवाईक बाहेर, हे कसं चालेल? शिवाय तुमच्या दवाखान्यात आमचा देव कुठे आहे?

मग शोधग्राममधला दवाखाना लोकांच्या म्हणण्याप्रमाणे बांधला. झोपड्यांसारख्या खोल्या, घरचे लोक पेशंटसोबत राहणार, आणि नाव देवीचं: माँ दंतेश्वरी दवाखाना. मला यातली गंमत ही वाटते की औषधं बदललीच नव्हती. बदललं ते एवढंच, की दवाखाना कसा असावा हे कोण ठरवणार.

पुढचं काम त्याहून मोठं. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाला ऊब कशी द्यायची, वजन कसं घ्यायचं, न्यूमोनिया कसा ओळखायचा, आणि जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनसुद्धा! गावातली बाई इंजेक्शन देणार म्हटल्यावर डॉक्टर मंडळींच्या भुवया उंचावल्या. पण ३९ गावांतल्या, आदिवासी आणि इतरही, बाळांचे आकडे पाहा. आधी जन्मलेल्या १००० बाळांपैकी ६२ पहिल्या २८ दिवसांत दगावायची. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि २०११ पासून आशाताईंनी घरी जाऊन बाळ तपासायचं काम देशभर सुरू झालं. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी. आपल्या मित्राच्या वाडीत ज्या ताई यायच्या, त्यांच्या भेटींचं मूळ हे असं गडचिरोलीत आहे.

आपल्या जिल्ह्यातही असं काही झालंय. २००७ मध्ये महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली, त्यात पुणे होता. गावानेच आपल्या आरोग्यसेवेचं प्रगतिपुस्तक भरायचं: हिरवा, पिवळा, लाल. नर्स येते का? औषधं बाहेरून आणायला लावतात का? मग जनसुनवाई. मंडप, माईक, समोर अधिकारी, आणि गावातली बाई उभी राहून बोलतेय. एरवी डॉक्टरसमोर तोंड न उघडणारी.

आता या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे, बघा. सगळं गावाला बांधलेलं आहे. आशाताई गावच्या, समिती गावची, ग्रामसभा गावची. पेसा कायद्याने (१९९६) आदिवासी ग्रामसभेला जादा अधिकार दिले, पण ते फक्त अनुसूचित क्षेत्रात. पुणे जिल्ह्यात म्हणजे आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतल्या काही गावांत. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, तो त्या यादीत नाही.

म्हणजे मित्राचं बाळ गावाच्या यादीतून निघालं आणि चाकणच्या यादीत पोचलंच नाही. आशाताईंची यादी घरोघरच्या सर्व्हेवर चालते. दर सहा महिन्यांनी खोली बदलणारा भाडेकरू त्यात सापडणार कसा? यात त्या ताईंना दोष देण्यात अर्थ नाही.

हेच ऑस्ट्रेलियात झालं होतं. तिथले ॲबोरिजिनल, म्हणजे मूळनिवासी लोक, रेल्वे वर्कशॉप आणि कारखान्यांतल्या कामासाठी सिडनीच्या रेडफर्न भागात आले. दवाखान्यांत मिळणाऱ्या वागणुकीला कंटाळून १९७१ मध्ये त्यांनी तिथे स्वतःची वैद्यकीय सेवा सुरू केली. सुरुवात एका दुकानाच्या गाळ्यात, बरेचसे स्वयंसेवक, पण कारभार समाजाच्या हातात. आज अशा १४० हून जास्त संस्था तिथे आहेत. लक्षात घ्या, पहिली जंगलात नाही, कामगारवस्तीत उभी राहिली.

आपल्याकडे पिंपरीत, भोसरीत, चाकणला आदिवासी मुलांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, ९ ऑगस्टला आदिवासी दिनाच्या रॅलीही निघतात. पण कोणत्या चाळीत कुणाचं बाळ दोन महिन्यांचं आहे, कुणाची बायको गरोदर आहे, ही यादी कोणाकडे असते? सुरुवात तिथूनच होऊ शकते, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

मित्राला तातडीचं उत्तर: माता आणि बाल संरक्षण कार्ड गावात ठेवून येऊ नका, सोबत आणा. ते दुसऱ्या गावातही चालतं. जवळची अंगणवाडी किंवा उपकेंद्र गाठा, कार्ड दाखवा, पत्ता लिहून घ्यायला सांगा. दीड महिन्याची लस राहिलीय, ती चुकवू नका. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा गरम लागत असेल, श्वास जोरात चालत असेल, तर शिफ्टचं नंतर बघू, आधी १०८ ला फोन.

आणि बाकीच्यांनो, तुमच्या चाळीत आशाताई येतात का? व्हॉईस मेसेज पाठवा. गावाचं नाव आणि खोली कुठल्या भागात आहे, एवढं सांगितलं तरी पुरे.