वार्धक्यातील धमनीदाह आणि आनुवंशिक प्रवणता

पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तीस कानशिलाजवळ नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरतानाही होणारा त्रास, घास चावताना जबडा भरून येणे ही लक्षणे बहुधा वयोमानाच्या खात्यावर मांडली जातात. त्यामागे ‘जायंट सेल आर्टरायटिस’ हा धमनीदाह असू शकतो. जोनाथन हचिन्सन या ब्रिटिश शल्यविशारदाने १८९० मध्ये, कानशिलावरील सुजलेल्या धमन्यांमुळे टोपी घालणेही अशक्य झालेल्या वृद्धाचे वर्णन केले होते.

हा विकार सर्व समाजांत सारख्या प्रमाणात आढळत नाही. स्कँडिनेव्हियन देशांत आणि त्या वंशाची मोठी वस्ती असलेल्या अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तो अधिक, तर आशियात विरळ आहे. ही विषमता आनुवंशिकतेकडे अंगुलिनिर्देश करते.

सर्वांत सबळ पुरावा सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकसमूहाचा, त्यातही डीआरबी१ जनुकाच्या ‘०४’ गटातील प्रकारांचा आहे. या जनुकापासून बनणारे प्रथिन तबकासारखे काम करते. पेशीने पचविलेल्या प्रथिनांचे तुकडे त्यात ठेवून टी-पेशींपुढे मांडले जातात. तबकाची खाच बदलली की त्यात बसणारा तुकडाही बदलतो. चिथावलेल्या टी-पेशी धमनीच्या भित्तिकेत शिरतात, भक्षकपेशींना पाचारण करतात. त्यांतील काही एकत्र येऊन महाकाय पेशी बनतात. धमनीचा आतील स्तर जाड होतो, मार्ग अरुंद होतो आणि नेत्रचेतेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संपूर्ण-जनुकसंचाच्या अभ्यासात प्लाझ्मिनोजेन आणि पी४एचए२ ही दोन जनुकेही पुढे आली.

मात्र प्रवणता म्हणजे रोग नव्हे. ‘०४’ प्रकार बाळगणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींना हा विकार कधीच होत नाही. म्हणून निदानासाठी एचएलए चाचणीचा उपयोग नाही. वय हाच सर्वांत मोठा धोका-घटक ठरतो.

भारतात मोठ्या धमन्यांचा दाह म्हटला की तरुण स्त्रियांमधील ‘ताकायासु’ विकार प्रथम आठवतो. त्याचा संबंध एचएलए-बी५२ या वेगळ्याच प्रकाराशी आहे. ही सवय स्वाभाविक असली तरी वृद्ध रुग्णाच्या बाबतीत ती महाग पडू शकते. एकदा गेलेली दृष्टी क्वचितच परत येते. त्यामुळे संशय बळकट असल्यास, कानशिलाच्या धमनीच्या तुकड्याच्या तपासणीचा अहवाल येण्यापूर्वीच स्टेरॉइड सुरू केले जाते; त्यानंतर काही दिवसांत घेतलेल्या तुकड्यातही दाहाच्या खुणा सापडू शकतात.