देवऋषी गावातच असतो

"खेड्यातली माणसं आधी देवऋषाकडे पळतात, डॉक्टरवर त्यांचा विश्वासच नसतो." शहरात हे वाक्य फार सहज बोललं जातं. दोष आजाऱ्याच्याच माथी मारला, की दवाखाना किती लांब आहे हे विचारावं लागत नाही.

लोक देवऋषाकडे, भगताकडे जातात हे खरंच. पण तो गावातच असतो, रात्री-अपरात्री भेटतो आणि घरच्यांचं सगळं ऐकून घेतो. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं मात्र ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. सिरोंच्याहून जिल्ह्याचं गाव गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या पुढे, नागपूर तर त्याच्याही पलीकडे. पेशंटसोबत एक माणूस लागतो, म्हणजे दोघांची मजुरी बुडते, वर गाडीभाडं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याला येतं, पण तो वार चुकला की पुन्हा वाट बघणं आलं. या आजारांच्या गोळ्या महिनोन् महिने घ्याव्या लागतात. पहिली खेप कशीबशी होते, तिसरी होत नाही. गोळी सुटते, आजार उलटतो आणि मग गाव म्हणतं, "बघा, औषधानं काही होत नाही."

सोय जवळ आली तर काय होतं, हे अमरावती जिल्ह्यात दिसलं आहे. तिथल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठवलं आणि त्यांच्या मागे समुपदेशक व डॉक्टर उभे केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्के होतं. दीड वर्षात ते २७.२ टक्क्यांवर गेलं. गावं तीच होती आणि देवही तेच.

"खेड्यात मोकळी हवा, तिथे कसलं डिप्रेशन?" हा शब्द खेड्यात ऐकू येत नाही, एवढंच. बाई सांगते ती डोकेदुखी, हातापायाच्या मुंग्या, छातीतली धडधड, उडालेली झोप. तिला सलाईन लावतात, नाहीतर ताकदीचं इंजेक्शन देतात. घरात काय चाललंय हे विचारायला कुणाला वेळ नसतो. ती दवाखान्यात जाऊन आलेली असते, तरी तिच्या आजारावर उपचार झालेला नसतो. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांनुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना आढळले. त्यासाठी निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही जाता जाता सांगायला हवं.

"मनाच्या आजाराला मोठा तज्ज्ञच लागतो" हे अर्धं खरं. स्किझोफ्रेनियाला डॉक्टर आणि औषध हवंच. नैराश्याचं दर वेळी तसं नसतं. गोव्यात 'संगथ' संस्थेने डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांच्याशी सहा ते आठ बैठका झालेल्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत त्या अवस्थेतून बाहेर आले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

"आता फोन आहे की!" आहे. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक २०२२पासून चोवीस तास चालू आहे, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. जवळ कुणी नसताना तो मोठाच आधार. पण एका खोलीच्या घरात सासूसमोर, नवऱ्याच्या मोबाईलवरून सून काय बोलणार?

आणि एक समज गावातलाच, म्हणून जास्त वाईट वाटतं : "सरकारी औषध मिळालं तर नशीब." २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तो हक्क आहे. अत्यावश्यक यादीतली मानसिक आजारांची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात कायम आणि फुकट मिळाली पाहिजेत. जिल्ह्यात किमान सेवाही नसेल, तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसायचा आहे. औषधाच्या खिडकीतून "संपलंय, पुढच्या आठवड्यात या" असं ऐकून पिशवी गुंडाळून परत फिरणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.