ईएसपीएन : मालक बदलले, आता पायाच हलतोय

अमेरिकेतल्या ब्रिस्टल या छोट्या शहरातून ७ सप्टेंबर १९७९ रोजी फक्त खेळांना वाहिलेली ही वाहिनी सुरू झाली. बिल रासमुसेन यांच्या कल्पनेला पैसा पुरवला गेटी ऑइल या तेलकंपनीने. १९८४मध्ये ती एबीसी या टीव्ही कंपनीकडे गेली आणि १९९६मध्ये एबीसीसकट डिस्नेच्या पदरात पडली.

खरी कमाई जाहिरातींपेक्षा केबलच्या बिलातून होई. खेळ बघा किंवा बघू नका, दर महिन्याच्या बिलात ईएसपीएनचे पैसे धरलेलेच असत. २०११च्या सुमारास असे पैसे भरणारी जवळपास १० कोटी घरं होती. केबल तोडण्याची लाट आली आणि त्यातली कोट्यवधी गेली. सामन्यांच्या हक्कांच्या किमती मात्र चढतच राहिल्या. २०२२मध्ये डॅन लोब या गुंतवणूकदाराने वाहिनी डिस्नेपासून वेगळी काढा, असा आग्रह धरला, पुढे तो सोडलाही. ऑगस्ट २०२५मध्ये महिना २९.९९ डॉलरची थेट इंटरनेट सेवा आली.

त्याच महिन्यात एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगला १० टक्के हिस्सा देण्याचा करार जाहीर झाला. सर्वांत जास्त काळजी वाटावी ती याची : ज्या लीगच्या बातम्या द्यायच्या, तीच भागीदार. एनएफएलच्या खेळाडूंच्या मेंदूला होणाऱ्या इजांवरच्या ‘लीग ऑफ डिनायल’ या माहितीपटातून ईएसपीएनने २०१३मध्ये आपलं नाव काढून घेतलं होतं. तेव्हा ही लीग भागीदारही नव्हती.