शांत झोप, लेखांक ६ : रात्रीचं उठणं

मागच्या आठवड्यात झोप मोजणाऱ्या घड्याळाविषयी लिहिलं होतं. या वेळी त्याहून कितीतरी साधी वस्तू घेतो: कमोड खुर्ची. चार पाय, मध्ये भोक, खाली काढता येणारं भांडं. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या खेड्यांत म्हाताऱ्या माणसांच्या झोपेसाठी माझ्या मते इतकं उपयोगाचं दुसरं साधन नाही.

म्हातारपणी झोप मोडण्याचं एक मोठं कारण लघवी. तरुण शरीरात रात्री व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखायला लावतं. वयाबरोबर त्याचा जोर ओसरतो. मूत्राशयात पूर्वीइतकं मावत नाही, पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते. शिवाय दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि पुन्हा उठावं लागतं. संध्याकाळी पावलांना सूज येत असेल, तर दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून पडावं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी चालू असेल, तर ती सकाळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं.

शहरात चार पावलं चाललं की झालं. सिंदेवाही, मूल किंवा एटापल्लीकडच्या गावात संडास बहुधा सांदवाडीच्या टोकाला असतो. वाटेत काळोख, पावसाळ्यात चिखल आणि साप. ताडोबाच्या भोवताली वाघ-बिबट्याची खरी भीती. मग म्हातारी माणसं आपापला उपाय काढतात: संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि या वयात तहान आधीच कमी लागते. अशा दिवसांत पाणी तोडणं जिवावर बेतू शकतं. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

खुर्ची खाटेला लागून, खाटेच्याच उंचीची असावी. सारवलेल्या जमिनीवर ती डगमगते. खाली सपाट फरशी घालावी. ‘घरात कसं करायचं?’ हा संकोच मोठा असतो. साडीचा एक आडपडदा लावला आणि सकाळी भांडं कुरकुर न करता कुणी उचललं, तर तो हळूहळू जातो.

जवळच चाहूल लागताच पेटणारा, चार्जिंगचा छोटा दिवा हवा, कारण लाईट जाते. तो पिवळसर आणि पायांच्या उंचीवर असावा. पांढरा झगझगीत उजेड मेंदूला सकाळ झाल्याचं सांगतो आणि झोप परत येत नाही.

हाच दिवा मच्छरदाणीसाठीही लागतो. हिवतापाच्या गडचिरोलीत सरकार औषधी मच्छरदाण्या वाटतं. कडा नीट खोचल्या, तर त्या मण्यारीलाही अडवतात. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा दंश कळतही नाही. परत आडवं होताना कडा पुन्हा खोचायच्या, तर उजेड हवाच.

कमोड खुर्ची ‘मुख्यमंत्री वयोश्री योजने’च्या यादीत आहे. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल, तर अशा साधनांसाठी एकदाच ३००० रुपये बँक खात्यात मिळतात. घरातलं कुणी दिवे लागल्यावर पाणी नको म्हणत असेल, तर आज त्यांच्याजवळ बसा आणि रात्री बाहेर जायची भीती वाटते का, एवढं विचारा.