ई-पुस्तक स्वस्त झालं, लेखकाचं काय?

गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या चोपड्याच्या वाचकाला मराठी पुस्तक हवं, तर शिवोलीचा पूल ओलांडून म्हापसा किंवा पणजी गाठायची. ज्या गोव्यात 1556 मध्ये भारतातला पहिला छापखाना आला, तिथल्या गावागावात ई-पुस्तक आता क्षणात पोचतं. पण त्याची किंमत किती असावी, हा वाद अजून मिटलेला नाही.

2007 मध्ये अमेरिकेत किंडल हे ई-पुस्तकांचं वाचनयंत्र आणि दुकान आलं आणि गाजलेली नवी पुस्तकं 9.99 डॉलरला मिळू लागली. एवढ्या कमी दराची वाचकांना सवय लागेल, म्हणून प्रकाशक धास्तावले. 2010 मध्ये अ‍ॅपलच्या साथीने त्यांनी दर ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. 2013 मध्ये न्यायालयाने त्यात अ‍ॅपलला संगनमताबद्दल दोषी धरलं.

मराठीत बुकगंगा या संकेतस्थळाने ई-पुस्तकं विकायला घेतली, ई-साहित्य प्रतिष्ठानने ती फुकट वाटली. किंडलवर मराठी आली 2016 च्या डिसेंबरात. प्रकाशकांकडच्या जुन्या डीटीपी फाइली मात्र युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात नव्हत्या. रूपांतर करताना जोडाक्षरं फुटत, वेलांट्या सरकत. अख्खं पुस्तक पुन्हा तपासावं लागे. कागद, छपाई, टपाल वाचलं, तरी संपादन आणि मुद्रितशोधनाचा खर्च उरलाच.

लेखकाच्या पदरात काय पडतं? दोनशे रुपयांच्या छापील पुस्तकावर दहा टक्के मानधन धरलं, तर वीस रुपये. कर वगळून शंभराचं ई-पुस्तक त्याने स्वतः किंडलवर काढलं, तर 35 टक्क्यांनी पस्तीस. 70 टक्क्यांचा पर्यायही आहे, पण भारतातल्या विक्रीवर तो हवा असेल, तर ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकता येत नाही. म्हणजे जास्त वाटा घ्यायचा, तर एकाच दुकानाशी बांधून घ्यायचं.

करातही दुजाभाव झाला. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. 2017 मध्ये ई-पुस्तकावर मात्र 18 टक्के लागला. 2018 मध्ये तो 5 टक्क्यांवर आला, तोही छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांपुरता. छपाई परवडत नाही म्हणून फक्त ई-पुस्तक काढणारा लेखक या सवलतीबाहेरच राहिला.

किमतीसोबत फुकट वाचनाचाही प्रश्न येतो. साने गुरुजींचं लेखन 2011 पासून स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. ते फुकट वाचण्यात गैर काही नाही. हयात लेखकाच्या पुस्तकाची पीडीएफ परवानगीशिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं ही मात्र चोरीच. ई-पुस्तक स्वस्त असावंच, पण ते विकत घ्या. पेडण्यातला नवा लेखक दुसरं पुस्तक लिहील, तो त्याच पैशांच्या आधारावर.