दक्षिणमुखी

न्यू जर्सीत घर बघायला निघालेल्या मराठी जोडप्याचा पहिला प्रश्न किमतीचा नसतो, शाळेचाही नसतो. ‘फेसिंग काय आहे?’ इथले एजंटही आता तयार झालेत, नाव ऐकलं की पूर्वेच्या दारांचीच यादी काढतात. दक्षिणेकडे दार असलं तर आमच्यातले बरेच जण गाडीतून उतरतसुद्धा नाहीत. आम्हीही उतरलो नव्हतो. यमाची दिशा! वीस हिवाळे आणि तेवढ्याच हिवाळ्यांची गॅसबिलं भरून झाल्यावर लक्षात आलं, की त्या घरात यम वगैरे काही नव्हता. डिसेंबरात ऊन तेवढं होतं.

साधा भूगोल आहे. मुंबई १९ अंश अक्षांशावर. उन्हाळ्यात तिथे सूर्य डोक्यावरून जातो, म्हणून आपल्याकडच्या घरांनी सगळा जीव सावली धरण्यात घातला. खोल पडवी, उतरती कौलं, जांभ्याच्या जाड भिंती. विस्कॉन्सिनमधलं मॅडिसन ४३ अंशांवर. डिसेंबरच्या ऐन दुपारी सूर्य तिथे क्षितिजापासून जेमतेम साडेतेवीस अंश वर चढतो आणि असतो थेट दक्षिणेला. जूनमध्ये तोच ७० अंशांवर. दक्षिणेच्या भिंतीत मोठी काच बसवली आणि तिच्यावर मापात वळचण काढली, की थंडीतलं ऊन घरात येतं आणि उन्हाळ्यातलं बाहेर राहतं. निसर्गाशी जुळवून घेणाऱ्या अमेरिकन घरांच्या गेल्या नव्वद वर्षांचा मागोवा मला या वळचणीच्या मापानेच घ्यावासा वाटतो. इथली माणसं ते माप शिकली, विसरली, पुन्हा शिकली, आणि बहुतेक वेळा तेलाचा भाव बघून.

माप मुळात नवं नव्हतंच. कोलोरॅडोतल्या मेसा वेर्दे इथे तेराव्या शतकात प्वेब्लो लोकांनी कड्याच्या कपारीत दगडी घरं बांधली. हिवाळ्याचं तिरपं ऊन कपारीत शिरतं, उन्हाळ्यात वरचा खडक सावली धरतो. त्यांची वळचण म्हणजे अख्खा डोंगर.

आधुनिक घरांची गोष्ट मात्र सगळे फॉलिंगवॉटरपासून सुरू करतात. पेनसिल्व्हेनियात बेअर रन नावाच्या ओढ्यावर फ्रँक लॉइड राइटने १९३०च्या दशकात बांधलेलं, पिट्सबर्गच्या कॉफमन कुटुंबाचं सुटीचं घर. मोठं डिपार्टमेंट स्टोअर चालवणाऱ्या कॉफमनांना धबधबा दिसेल असं घर हवं होतं. राइटने घर धबधब्याच्या डोक्यावरच नेऊन ठेवलं. घरात बसून धबधबा ऐकायचा, बघायचा असेल तर खाली उतरायचं. कल्पना अचाट, यात वादच नाही. पण काँक्रीटचे सज्जे पहिल्यापासून झुकत गेले आणि २००२ साली पोलादी केबल ताणून ते सावरावे लागले. मुळात घर बांधायचा सगळा खर्च त्या काळच्या दीड लाख डॉलरवर गेला होता. १९६४पासून ते लोकांना खुलं आहे, २०१९मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. बघावं जरूर, पण संसार करणाऱ्यांसाठी त्याच यादीतलं मॅडिसनचं घर जास्त कामाचं.

हर्बर्ट जेकब्स हा तिथल्या वर्तमानपत्रातला बातमीदार. पगार बेताचा. पाच हजार डॉलरमध्ये बरं घर होईल का, असं त्याने राइटलाच विचारलं. १९३७ साली ते साडेपाच हजारांत उभं राहिलं, त्यात राइटची फी ४५०. इंग्रजी ‘एल’च्या आकाराचं, रस्त्याकडे पाठ आणि बागेकडे काचेचं तोंड. भिंतीजवळचे रेडिएटर गेले, गरम पाण्याच्या नळ्या फरशीखाली गेल्या. घर बघायला इतके लोक यायला लागले, की जेकब्स दांपत्याने तिकीट लावलं आणि आर्किटेक्टची फी त्यातून वसूल केली. हे वाचल्यापासून मला तो माणूस पुण्याचा वाटतो.

काही वर्षांनी जेकब्स मंडळी शहराबाहेर शेतावर गेली. त्यांच्यासाठी राइटने १९४४मध्ये काढलेला दुसरा आराखडा हे माझं सगळ्यात आवडतं अमेरिकन घर. अर्धचंद्रासारखं वाकलेलं, आतली बाजू दक्षिणेला, दोन मजले उंच काचेची. समोर खोलगट गोल बाग. उत्तरेला, बोचरा वारा येतो त्या बाजूला, थेट वरच्या खिडक्यांपर्यंत माती चढवलेली. घरात शिरायचं ते त्या मातीतल्या बोगद्यातून. वरचा मजला खांबांवर टेकलेला नाही, छपराला सळ्यांनी टांगलाय. कुटुंबाने स्वतः दगड वाहिले, अंगमेहनत केली आणि १९४८ साली ती मंडळी राहायला गेली. माती, ऊन आणि वारा एवढ्याच गोष्टींवर सगळा आराखडा उभा आहे. ‘पॅसिव्ह सोलर’ हा शब्द रुळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

पूर्वेला मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन गावात जर्मनीहून आलेल्या आर्किटेक्ट वॉल्टर ग्रोपियसने १९३८ साली आपलं घर बांधलं होतं. सपाट छपराचा पांढरा ठोकळा, पण लाकडी फळ्या, शेतातला दगड, जाळीची पडवी हे सगळं न्यू इंग्लंडच्या जुन्या घरांतलं. दक्षिणेच्या काचेवर मापात काढलेली सावली होतीच. मालवणजवळच्या आचऱ्यात जन्मलेले अच्युत कानविंदे १९४५मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेले ते याच ग्रोपियसच्या हाताखाली शिकायला. जेजेत शिकलेल्या त्या कोकणातल्या माणसाला वळचणीचा हा धडा नवा वाटला असेल की घरचाच, कोण जाणे.

नेमकं तेव्हाच देश विसरायला लागला. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरं हवी होती. लाँग आयलंडवर लेविटटाउनमध्ये १९४७ ते १९५१ या काळात सतरा हजारांवर घरं उठली, जवळजवळ एका साच्यातली. राइटची फरशीखालची नळी बिल्डर लेविटने उचलली, दिशा मात्र सोडून दिली. रस्ता वळेल तसं घर वळणार. इंधन स्वस्त होतं आणि खिडकीत एसी बसवता येत होता. सूर्य कुठून उगवतो याच्याशी कोणाला काय कर्तव्य?

अपवाद होते. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मेंढ्या चरायच्या त्या माळावर १९६५च्या सुमारास सी रँच नावाची वसाहत उभी राहिली. तिची आखणी करणाऱ्या लॉरेन्स हॅलप्रिनने आधी वाऱ्याचा अभ्यास केला, मग घरांच्या जागा ठरवल्या. जुन्या सायप्रसच्या रांगांच्या आडोशाला घरं, एका अंगाला उतरती छपरं, म्हणजे समुद्रवारा अंगावरून सरकून जावा. इथे वळचण मुद्दाम काढली नाही, वाऱ्याने ती उचलली असती. लाकूड न रंगवता तसंच करडं होऊ द्यायचं आणि दारापुढे हिरवळ राखायची नाही. अमेरिकन मध्यमवर्गाला लॉन नको म्हणणं म्हणजे आपल्याकडे दारातली तुळस काढा म्हणण्यासारखंच.

मग १९७३ आलं. अरब देशांनी तेल अडवलं आणि एका हिवाळ्यात सगळ्यांना दक्षिण आठवली. न्यू मेक्सिकोत स्टीव्ह बेअर नावाच्या माणसाने आपल्या घरात दक्षिणेच्या काचेमागे पाण्याने भरलेली पिंपं रचली होती. दिवसभर ती तापायची, रात्री बाहेरची झडप हातरहाटाने ओढून बंद केली की घर ऊबदार राहायचं. १९७८मध्ये सौर उपकरणांना करसवलत मिळाली. १९७९मध्ये जिमी कार्टरने व्हाइट हाउसवर पाणी तापवणारी ३२ पॅनेलं बसवली. १९८५अखेर सवलत संपली, पुढच्या वर्षी तेल कोसळलं, त्याच वर्षी रेगनच्या काळात छपराच्या दुरुस्तीसाठी पॅनेलं उतरवली ती परत चढलीच नाहीत. पुढे मेनमधल्या एका कॉलेजच्या खाणावळीत त्यांवर पाणी तापू लागलं.

पुढची तीस वर्षं मला कंटाळवाणी वाटतात. १९७३मध्ये नव्या घराचं सरासरी क्षेत्रफळ १६६० चौरस फूट होतं, २०१५मध्ये २६८७. घरातली माणसं मात्र या काळात कमीच झाली. २००६पासून सौर पॅनेलांवर ३० टक्के करसवलत आली, पुढे लांबली, वाढली, आणि २०२५अखेर तीही संपली. कॅलिफोर्नियाने २०२०पासून नव्या घरांवर पॅनेलं सक्तीची केली. छान झालं. पण छपरावर पॅनेलं आणि खाली पश्चिमेला उघडी काच, दिवसभर एसी, अशी घरं मी पुष्कळ पाहिलीत.

तेलानंतर आता दुसरा मास्तर आलाय, आग. २०१८च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळालं, ८५ माणसं गेली. झाडांच्या कुशीतलं घर हे नव्वद वर्षांचं स्वप्न तिथे उलटलं. आता तिथे भिंतीजवळ झुडूप नको, लाकडी कौल नको, ठिणगी शिरेल अशी जाळी नको. चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर जोडप्याने १९४९ साली पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये एका माळाच्या कडेला निलगिरीच्या रांगेमागे घर बांधलं होतं. पहिला आराखडा माळावरून जात होता, माळ वाचावा म्हणून तो बदलून घर कडेच्या उताराला सरकवलं. जानेवारी २०२५मध्ये आग त्याच्याजवळ येऊन थांबली. धूर-काजळी साफ करून जुलैत ते पुन्हा उघडलं. आसपासची कितीतरी घरं तेवढी नशीबवान नव्हती.

आमचं स्वतःचं घर पूर्वमुखी. गेल्या वर्षी आई आली, तेव्हा तिने मागच्या डेकच्या कठड्यावर साडी वाळत घातली. आठवड्यात वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं, कपडे बाहेर दिसता कामा नयेत. फ्लोरिडा, व्हर्मोंट, मेन या राज्यांत कायद्याने दोरी बांधायचा हक्क राखलाय, पण आम्ही तिथे राहत नाही. ड्रायरमध्ये साडी घालायला आईचा ठाम नकार. दोन दिवस ती घरभर फिरून खिडक्या बघत होती. आमच्या दक्षिणेच्या भिंतीला एकच खिडकी आहे, बिल्डरने ठेवलेली, न्हाणीघराची, धुरकट काचेची. साडी आता तिथे वाळते.