पाव, दीड आणि यंत्रातील अपूर्णांक

शिरूर किंवा दौंड येथील बाजारात 'पावकिलो', 'सव्वा किलो', 'दीड किलो' हे शब्द आजही सहज कानी पडतात. १ एप्रिल १९५७ पासून नाणी दशमान झाली, पुढे वजनेही झाली. तथापि भाषेने आपले जुने अपूर्णांक सोडलेले नाहीत. या अपूर्णांकांचा विशेष असा की, त्यांचे छेद २ चे घात असतात. अच्छेर, पावशेर व नवटाक हे शेराचे अनुक्रमे दुसरा, चौथा व आठवा हिस्सा होत. आणा हा रुपयाचा सोळावा. पै मात्र रुपयाचा १९२ वा हिस्सा असल्याने, म्हणजे तिच्या छेदात ३ हा अवयव येत असल्याने, या कुळाबाहेर राहते.

संगणकाची गणनाही द्विमान आहे. १९८५ च्या 'आय-ट्रिपल-ई ७५४' या मानकात फ्लोटिंग पॉइंट संख्येच्या ६४ बिटांपैकी १ चिन्हास, ११ घातांकास व ५२ अपूर्णांकास दिलेले आहेत. त्यामुळे पाव, पाऊण, दीड हे यंत्रात तंतोतंत मावतात. एक-दशांश मात्र द्विमान पद्धतीत अनंत आवर्ती ठरतो व तो मध्येच तोडावा लागतो. परिणामी ०.२५ चार वेळा मिळविल्यास बरोबर १ येतो; ०.१ दहा वेळा मिळविल्यास ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतात. दहा दहा पैसे अशा रीतीने मिळवून बेरीज रुपयाशी ताडून पाहणारी आज्ञावली बिनचूक हिशेबही चुकीचा ठरवील. म्हणून रकमा पैशांच्या पूर्णांकांत ठेवणे इष्ट होय.

या मर्यादांना आज्ञाभाषांनी दिलेली नावेही अर्थदृष्ट्या पारखून घ्यावी लागतात. सी भाषेत 'डीबीएल एप्सिलॉन' म्हणजे १ व त्यापुढील लगतची संख्या यांतील अंतर, म्हणजे २ चा उणे ५२ वा घात. सी-शार्पमध्ये 'डबल एप्सिलॉन' म्हणजे यंत्रात मावणारी सर्वांत लहान धन संख्या. ती सुमारे ४.९ गुणिले १० चा उणे ३२४ वा घात इतकी सूक्ष्म असते. शब्द एकच, अर्थ दोन. पहिल्या अर्थाने योजलेली तुलना दुसऱ्या भाषेत शब्दशः उतरविल्यास तिची सहिष्णुता जवळजवळ नाहीशी होते, आणि आज्ञावली तक्रार न करता चुकीचे उत्तर देते.

स्थिरांकांची गोष्ट निराळी नाही. परीघ व व्यास यांच्या गुणोत्तरासाठी भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (इ. स. ११५०) २२/७ हे स्थूल व ३९२७/१२५० हे सूक्ष्म मान दिले. यंत्रातील 'पाय'ही सुमारे सोळा अंकांपर्यंतच खरा असतो. म्हणून त्याची ज्या (साइन) काढल्यास शून्य न येता शून्याजवळची एक अतिसूक्ष्म संख्या येते. नाव पूर्ण संख्येचे, आशय तुटलेल्या संख्येचा, असा हा प्रकार आहे. यंत्रातील प्रत्येक स्थिरांकापुढे स्थूल-सूक्ष्म हा विवेक मनात ठेवला, तर वापरणारा फसणार नाही.